केळीच्या आयकॉनआडचं ‘आर’

आमच्या घरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात केळीच्या घडाचं चित्र आहे. त्यावर दोनदा टिचकी मारली की काळी खिडकी उघडते, आत इंग्रजी ओळींची एक खेप भराभर येते आणि शेवटी गणितातलं ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह येऊन थांबतं. शेजारी कर्सर लुकलुकत राहतो. हे ‘आर’, संख्याशास्त्राची आकडेमोड करणारं सॉफ्टवेअर. बस्, एवढंच. बटणं नाहीत, मेनू नाही, ‘स्वागत आहे’ म्हणणारी बाहुली नाही. या एवढ्याशा गोष्टीपर्यंत पोचायला मला दोन आठवड्यांच्या संध्याकाळी लागल्या, म्हणून हे परीक्षण.

आधी मी कोण ते सांगते. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. मी तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवते. तासिका तत्त्व म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे, त्यांना माझा कॉम्प्युटर जुना का आहे हे वेगळं सांगायला नको. चार जीबी रॅम, जळगावहून आणलेला सेकंडहँड डबा. विंडोजमध्ये तो सुरू होईपर्यंत चहा होऊन जायचा, म्हणून बहिणीच्या मुलाने त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं, २१ ची आवृत्ती, एक्सएफसीई नावाच्या हलक्या डेस्कटॉपवाली. तेव्हापासून डबा पळतो.

सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची, केळी आहे. बाग कापायला आली की काही घड वजनकाट्यावर टांगून ते वहीत वजनं लिहितात. कुठली ओळ, टिश्यूचं रोप की कंद, पावसाळ्यात लावलेली मृगबाग की त्यानंतरची कांदेबाग, सगळं पेन्सिलीने. ही सवय त्यांना व्यापाऱ्याच्या काट्यावरच्या अविश्वासातून लागली, पण माझ्यासाठी ती आयती विदा, म्हणजे डेटा, आहे. वर्गात पोरांना पाठ्यपुस्तकातली परदेशी फुलांच्या पाकळ्यांची लांबी देण्यापेक्षा आपल्या मळ्यातल्या घडांची वजनं द्यावीत, हा माझा हेतू. आणि त्यासाठी ‘आर’.

‘आर’ फुकट आहे, मुक्त आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतलं. दोघांच्या नावांचं पहिलं अक्षर ‘आर’, म्हणून नावही तेच. शिवाय बेल लॅब्जमध्ये १९७६ मध्ये जन्मलेल्या ‘एस’ नावाच्या भाषेवर ती कोटीही आहे. पहिली पक्की आवृत्ती निघाली २९ फेब्रुवारी २००० रोजी. आकडेमोड करणाऱ्यांनी मुद्दाम लीप वर्षाचा दिवस निवडला की योगायोग होता, देव जाणे. वाढदिवस मात्र चार वर्षांनी येतो.

बसवणं सोपं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल आर-बेस’ लिहायचं, पासवर्ड द्यायचा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट चालू ठेवून बसायचं. सोबत कंपायलर वगैरे बरंच सामान येतं, त्यामुळे डेटा जपून वापरणाऱ्यांनी रात्री लावावं. मिंट २१ च्या भांडारात आवृत्ती मिळते ४.१.२. उघडल्यावर पहिल्याच ओळीत तिचं टोपणनाव दिसतं, ‘बर्ड हिपी’. प्रत्येक आवृत्तीला असं गमतीचं नाव असतं. त्याखाली ठणकावून सांगितलेलं असतं की या सॉफ्टवेअरची कसलीही हमी नाही. आमच्याकडच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशवीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय असलेल्या माणसाला हा प्रामाणिकपणा आवडेल.

बसवलं की मेनूत ‘आर’ची नोंद आपोआप येते. पण नावच एका अक्षराचं! शोधायच्या खणात ते एक अक्षर टाकलं तर अर्धा मेनू समोर येतो. तो शोधून टिचकी मारली, काळी खिडकी आली, मी खूश. मग फाइल वाचायची आज्ञा दिली, ‘रीड डॉट सीएसव्ही’, आणि उत्तर आलं की अशी फाइल नाही. फाइल तर मी डोळ्यांनी बघत होते! ‘डॉक्युमेंट्स’मध्ये ‘केळी हिशोब’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली.

इथे या सगळ्या प्रकरणाची मेख आहे. मेनूतून उघडलेलं ‘आर’ तुमच्या होम फोल्डरमध्ये उभं राहतं. टर्मिनलमधून चालत गेलात, म्हणजे आधी ‘सीडी’ करून केळीच्या फोल्डरात शिरलात आणि मग मोठ्या लिपीतलं ‘आर’ लिहिलंत, तर ते त्याच फोल्डरात उभं राहतं. आयकॉन म्हणजे एसटी. ती फाट्यावर सोडते, गाव आत दोन किलोमीटर. ‘गेटडब्ल्यूडी’ ही आज्ञा विचारली की आपण कुठल्या फाट्यावर उभे आहोत ते कळतं, आणि ‘सेटडब्ल्यूडी’ने गावात जाता येतं. पण रोज रोज फाट्यापासून चालायचं तर आयकॉन कशाला?

म्हणून मी स्वतःचा आयकॉन बनवायला बसले. एक्सएफसीईमध्ये हे छान आहे: पडद्याच्या मोकळ्या जागेवर उजवी टिचकी, ‘क्रिएट लाँचर’, की एक फॉर्म उघडतो. नाव, टीप, आज्ञा, काम करण्याचं फोल्डर, चित्र. खाली दोन चौकटी, त्यातली एक ‘टर्मिनलमध्ये चालवा’ अशा अर्थाची. मी नाव दिलं ‘केळीचा हिशोब’, आज्ञेत लिहिलं मोठ्या लिपीतलं ‘आर’, फोल्डर निवडलं, चित्र म्हणून पिवळ्या केळ्यांचा घड लावला, आणि ती चौकट विसरले.

टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. जेवायची वेळ झाली, आमच्याकडे त्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकरी होती, तरी माझं लक्ष पडद्यावर. रात्री शोधत शोधत होम फोल्डरातल्या ‘एक्ससेशन-एरर्स’ नावाच्या दडलेल्या फाइलीपर्यंत पोचले. तिथे ‘आर’ बिचारं माझ्या प्रत्येक टिचकीला ओरडून मेलेलं होतं. त्याचं म्हणणं असं: मला टर्मिनल दिलेलं नाही, म्हणजे समोर माणूस नाही, मग निघताना काम जतन करायचं की नाही हे मी विचारू कोणाला? आधीच सांगा, ‘सेव्ह’ की ‘नो-सेव्ह’ की ‘व्हॅनिला’. तक्रार अगदी रास्त होती. पण ती मला दिसणार नाही अशा जागी लिहिलेली. आयकॉनवरून काळ्या खिडकीचं सॉफ्टवेअर चालवण्याचा हा पहिला दोष: चुकलं तर आवाज येत नाही. चौकटीत टिक केली आणि खिडकी आली.

हा फॉर्म भरला की पडद्याआड एक साधी मजकुराची फाइल तयार होते, शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ असलेली. ती एडिटरमध्ये उघडून बघाच. मोजक्याच ओळी असतात. ‘नेम’ म्हणजे नाव, ‘एक्झेक’ म्हणजे आज्ञा, ‘पाथ’ म्हणजे फोल्डर, ‘टर्मिनल’पुढे ट्रू किंवा फॉल्स. ‘नेम’पुढे चौकोनी कंसात मराठीचं दोन अक्षरी चिन्ह, ‘एम’ आणि ‘आर’, घालून दुसरं नाव दिलं तर मराठी डेस्कटॉपवर मराठी नाव आणि इंग्रजीवर इंग्रजी, अशी सोय मूळ नियमातच आहे. हा नियम जीनोम, केडीई, एक्सएफसीई हे सगळे डेस्कटॉप पाळतात, त्यामुळे एकदा शिकलेलं वाया जात नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. टर्मिनलमध्ये होम फोल्डरसाठी आपण जी वळणदार रेघ लिहितो, ती इथे चालत नाही. ‘पाथ’च्या ओळीत पूर्ण पत्ता लागतो, अगदी तिरक्या रेघेपासून. टर्मिनलमध्ये ती रेघ समजून घेणारा शेल नावाचा मुनीम असतो, इथे तो नसतोच. ‘एक्झेक’मध्ये जागा सोडलेलं फोल्डरचं नाव लिहायचं तर दुहेरी अवतरणात घालावं लागतं. माझ्या ‘केळी हिशोब’ या फोल्डरच्या मधल्या मोकळ्या जागेने एक संध्याकाळ खाल्ली, तेव्हापासून फोल्डरचं नाव नुसतं ‘केळी’.

आणि कोणी तयार लाँचर पेनड्राइव्हवरून आणून डेस्कटॉपवर टाकला तर पहिल्या टिचकीला इशारा येतो की हा भरवशाचा नाही. घाबरू नका, तो आपलाच असेल तर एक्झिक्युटेबल, म्हणजे चालवण्याजोगा, म्हणून खूण करायची. दुसऱ्याचा असेल तर आधी ‘एक्झेक’ची ओळ वाचायची. चित्र केळीचं आणि आत भलतीच आज्ञा, असं सहज करता येतं.

आता माझी फजिती.

‘आर’मधून बाहेर पडताना ते विचारतं: वर्कस्पेस, म्हणजे आतापर्यंत आत बनवलेल्या वस्तू, जतन करू का? होय, नाही, की राहू दे. मी गृहिणीच्या सवयीने ‘होय’ म्हणत गेले. उरलेलं झाकून ठेवायचं, फेकायचं नाही. त्या ‘होय’मुळे चालू फोल्डरात ‘डॉट आरडेटा’ नावाची फाइल बनते. नावाची सुरुवात बिंदूने, म्हणून ती फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही. कंट्रोल आणि एच दाबलं तरच. पुढच्या वेळी त्याच फोल्डरात ‘आर’ उघडलं की ती आपोआप परत भरली जाते, आणि माझा आयकॉन तर आता नेहमी त्याच फोल्डरात उघडत होता. म्हणजे मी जी सोय कष्टाने केली, तिनेच खड्डा खणला.

झालं असं: कांदेबागेची नवी वजनं मी नव्या फाइलीत भरली. मग एडिटरमधून तीन ओळी एकदम उचलून काळ्या खिडकीत चिकटवल्या: फाइल वाच, ‘घड’ या नावात ठेव, वजनाची सरासरी काढ. फाइलीच्या नावात माझं एक अक्षर चुकलेलं. पहिल्या ओळीला चूक आली, पण खिडकीत ‘आर’ चुकीवर थांबत नाही, पुढच्या ओळीला लागतं. आणि ‘घड’ नावाची वस्तू तर आधीच्या बागेची, जतन केलेली, तिथे जिवंत होतीच! खाली सरासरी आली २२.४ किलो. मी ती कागदावर लिहून आप्पांना दिली.

आप्पांनी चष्मा वर केला. “माय, हे तं मांगच्या बागाचं वजन आहे.”

मी म्हटलं, नाही आप्पा, आजच काढलंय.

“काढलं असशीन. पन ह्या बागाले थंडीनं मार दिला. बावीस कुठून येईन?”

कॉम्प्युटरपुढे परत गेले, खिडकी वर सरकवली आणि ती चुकीची ओळ सापडली. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाईची चूक पेन्सिलीच्या वहीने पकडली. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा पोरं महिनाभर प्रत्येक उत्तराला “मॅडम, आप्पांना विचारलं का?” म्हणत होती.

त्या दिवसापासून माझ्या आयकॉनच्या आज्ञेत ‘आर’नंतर दोन शेपट्या आहेत: दोन डॅश देऊन ‘नो-सेव्ह’ आणि दोन डॅश देऊन ‘नो-रिस्टोर’. पहिलीने जाताना प्रश्न येत नाही आणि काही साठत नाही; दुसरीने जुनं काही परत भरलं जात नाही. पाटी कोरी. याची किंमत एकच, की वरचा बाण दाबून कालच्या ओळी मिळत नाहीत, कारण तो इतिहासही त्या जतन करण्याबरोबरच लिहिला जातो. चालेल. ओळी एडिटरमधल्या फाइलीत ठेवायच्या आणि तिथून चिकटवायच्या. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हीच सवय वाचवते. खिडकीत टाइप केलेलं जातं, फाइलीतलं राहतं.

आधी मी त्या दोन शेपट्यांऐवजी ‘व्हॅनिला’ लावलं होतं, लिहायला एकच शब्द म्हणून. ते का काढलं ते सांगते, कारण तिथेही आप्पाच आहेत. ‘आर’ला बरोबर एक लाख ही संख्या छापायला सांगा. ते छापतं १ई+०५. एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न सांगा, नीट छापतं. का? तर सरळ आकडे आणि ‘ई’ची घातांकी पद्धत या दोन्हींत जी लिहायला आखूड, ती ते निवडतं. एकावर पाच शून्यं म्हणजे सहा खुणा, आणि हा ‘ई’वाला अवतार पाच खुणांचा. झाली बचत! हिशोबाच्या कागदावर गोळाबेरीज बरोबर एक लाख आली आणि आप्पा म्हणाले, “हा ई कोन आहे? याचे पैसे द्याचे बाकी आहेत का?” यावर उपाय म्हणजे ‘सायपेन’ नावाचा पर्याय १०० करून ठेवणे, आणि ती ओळ केळीच्या फोल्डरात ‘डॉट आरप्रोफाइल’ या फाइलीत लिहिणे. ‘आर’ उघडताना ती फाइल वाचतं. पण ‘व्हॅनिला’ म्हणजे काहीच वाचू नकोस, घरचंही नको आणि दारचंही नको. त्यामुळे ते लावल्यावर ‘ई’ महाशय परत आले. दोन वेगळ्या शेपट्या लावल्यावर गेले. लाखाचे स्वल्पविराम मात्र अजून आपल्या पद्धतीने आपोआप मिळत नाहीत. स्वल्पविराम मागितले तर ते तीन-तीन आकड्यांचे गट पाडतं, आणि एक लाख वाचताना आप्पांचं बोट अडतं.

दुसरा आयकॉन मी आप्पांसाठी केला. त्यांना काळ्या खिडकीत काही लिहायचं नाही, फक्त उत्तर बघायचं. यासाठी ‘आर’चा भाऊ ‘आरस्क्रिप्ट’ वापरतात. आज्ञांची फाइल त्याला द्यायची, तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवतो आणि चूक आली तर तिथेच थांबतो. माझं ते काम याने केलं असतं तर २२.४ ची फजिती झालीच नसती. पण आयकॉनवरून चालवलं आणि खिडकी उघडली-मिटली. विजेसारखी. उत्तर छापलं गेलं होतं, पण काम संपलं की टर्मिनलही संपतं.

मी हुशारी केली. फाइलीच्या शेवटी ‘रीडलाइन’ ही आज्ञा टाकली, म्हणजे एंटर दाबेपर्यंत थांबेल. थांबलं नाही. कारण आरस्क्रिप्टमध्ये समोर माणूस नाही असंच धरलेलं असतं आणि ‘रीडलाइन’ रिकामं उत्तर घेऊन लगेच पुढे जातं. हे मदतीच्या पानावर लिहिलेलं आहे, पण मदतीचं पान वाचतो कोण! खरा उपाय खिडकीच्याच हातात होता. लाँचरच्या आज्ञेत थेट एक्सएफसीईचं टर्मिनल बोलवायचं, त्याला दोन डॅश ‘होल्ड’ सांगायचं, मग एका डॅशचा ‘एक्स’ आणि त्यापुढे आरस्क्रिप्ट व फाइलीचं नाव. ‘होल्ड’ म्हणजे काम झालं तरी खिडकी धरून ठेव. आणि अशा वेळी ती ‘टर्मिनलमध्ये चालवा’ची चौकट रिकामी ठेवायची, टर्मिनल आपण आधीच बोलावलेलं असतं.

आलेखाचं वेगळंच. काळ्या खिडकीतून वजनांचा हिस्टोग्राम काढला की तो वेगळ्या छोट्या खिडकीत येतो, सुंदर दिसतो. पण मूळ काळी खिडकी बंद केली की तोही जातो. आरस्क्रिप्टमध्ये तर खिडकी येतच नाही, फोल्डरात ‘आरप्लॉट्स’ नावाची पीडीएफ गुपचूप तयार होते. पहिले तीन दिवस मी आलेख निघतच नाही असं समजत होते आणि फोल्डरात पीडीएफ बसून होती.

मराठीचं काय, हे विचारणारे वाचक असतील, आणि असावेतच. काळ्या खिडकीत मराठी येते, पण जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात; ‘किलो’ची वेलांटी शेजारच्या घरात जाते. गणितावर त्याचा परिणाम होत नाही, डोळ्यांना त्रास होतो. आलेखाच्या खिडकीत मात्र ‘घडाचे वजन’ असं शीर्षक दिलं तर शुद्ध, जोडाक्षरासकट येतं. तेच साध्या पीडीएफमध्ये काढलं की अक्षरांच्या जागी नुसती टिंबं! त्यासाठी ‘पीडीएफ’ऐवजी ‘कैरो-पीडीएफ’ नावाची आज्ञा वापरायची, मग अक्षरं नीट. हे मला कळेपर्यंत विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्ये टिंबांचे दोन आलेख लागून गेले होते. स्तंभांची नावं मी रोमन लिपीतच ठेवते, वाद नको.

कॉलेजच्या लॅबमध्ये हाच आयकॉन न्यायचा ठरवला तेव्हा कळलं की पूर्ण पत्ता लिहिण्याची सक्ती तिथे आडवी येते. माझ्या घरच्या पत्त्यात माझं नाव, तिथल्या प्रत्येक मशीनवर वेगळं. मग तीन ओळींची शेल-फाइल लिहिली: पहिल्या ओळीत कोणाच्या हातून चालायचं ते, दुसरीत ज्याचं होम त्याच्या ‘सांख्यिकी’ फोल्डरात जा, तिसरीत दोन्ही शेपट्यांसकट ‘आर’ सुरू कर. ती ‘यूएसआर’मधल्या ‘लोकल’च्या ‘बिन’मध्ये ठेवली आणि लाँचरमध्ये फक्त तिचं नाव दिलं. सगळ्या मशीनवर चाललं. एका मुलाने घरी ‘आर’ स्वतः बांधून त्याचा रस्ता ‘डॉट बॅशआरसी’मध्ये लिहिला होता, त्याच्याकडे टर्मिनलमधून चालायचं, आयकॉनवरून नाही. आयकॉन ती फाइल वाचतच नाही, ती फक्त टर्मिनलचा शेल उघडला की वाचली जाते. ‘एक्झेक’मध्ये पूर्ण पत्ता दिला, प्रश्न मिटला.

मुलांचं म्हणाल तर पहिल्या तासाला भीती होती. काळी खिडकी म्हणजे हॅकिंग, असा सिनेमातला समज. पण आयकॉन ओळखीचा, नाव मराठी, आत गेल्यावर दोन अधिक दोन लिहिलं तर चार येतं. तिथून पुढे गाडी चालते. आरस्टुडिओ या मेनूवाल्या चार खणांच्या प्रसिद्ध खिडकीतही मी ‘आर’ वापरून पाहिलं आहे. चांगली आहे, पण लॅबमधल्या दोन जीबीच्या डब्यांना ती पेलवत नाही. नुसतं ‘आर’ मात्र त्यांच्यावरही चटकन उघडतं. ज्यांना मेनूच हवा त्यांनी जीएनयूचं ‘पीएसपीपी’ बघावं, त्यात टर्मिनलचं आणि खिडकीचं अशी दोन्ही रूपं मिळतात, आणि एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं विकतचं सॉफ्टवेअर शिकलेल्यांना ते ओळखीचं वाटेल. ज्यांची विदा एका पानात मावते आणि ज्यांना फक्त बेरीज हवी, त्यांनी स्प्रेडशीटवरच राहावं, उगाच काळ्या खिडकीच्या नादी लागू नये.

तारे द्यायचे तर: ‘आर’ला पाचपैकी साडेचार, अर्धा त्या ‘ई’चा कापला. एक्सएफसीईच्या लाँचरला चार. चूक झाली की गप्प बसतो म्हणून एक कमी. मेनूत आपोआप येणाऱ्या नोंदीला दोनच, कारण ती फाट्यावर सोडते. पैसे: शून्य. वेळ: हे वाचलं असेल तर एक संध्याकाळ, नाहीतर माझ्यासारखे दोन आठवडे.

आप्पा आता स्वतः टिचकी मारतात. दोनदाच्या ऐवजी चारदा मारतात, मग दोन खिडक्या उघडतात आणि दोन्हीत उत्तर एकच आहे ना हे ते ताडून बघतात. टर्मिनलचा फाँट १८ चा करून दिला आहे. त्यांची तक्रार एकच उरली आहे, आयकॉनबद्दल. “केयी पिवयी कायले लावली? पिवयी झाली म्हनजे माल गेला. आपन हिरवी कापतो.” खरं आहे. हिरव्या घडाचं चांगलं आयकॉन मला कुठे सापडलं नाही, म्हणून उद्या सकाळी बागेत जाऊन फोटो काढणार आहे. फक्त तो ४८ ठिपक्यांच्या चौकोनात घड दिसेल की पानांचा गुंता, ते लावल्यावरच कळेल.